तीस सेकंदांत काय सोडायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दीड वर्ष रोज अर्धा तास मोबाइलवर घड्याळ लावून तुम्ही माणसांच्या ३० सेकंदांच्या पोझ रेखाटताय. हात पूर्वीपेक्षा वेगात चालतो, पण फिगर, म्हणजे कागदावरची माणसं, ताठच राहतात. चार-पाच जणांचा ग्रुप आहे, रविवारी भेटता, एकमेकांची पानं बघता, पण बोलणं "मस्त आलंय" किंवा "हात जरा लांब झालाय" यापुढे जात नाही. सराव वाढवावा का, आणि एकमेकांची चित्रं नेमकी कशी तपासायची, असं तुम्ही विचारलंय.

सराव वाढवू नका. आहे तेवढाच अर्धा तास ठेवा आणि त्यातलं घड्याळ वेगळ्या कामाला लावा. तपासणीचं काम मात्र तुमच्या ग्रुपला मुळापासून शिकावं लागेल. माझ्या अनुभवात फिगरचा ताठपणा सुटतो तो बहुतेक वेळा त्या तपासणीतच, म्हणून त्याबद्दल जास्त लिहितो.

तुम्ही पाठवलेल्या १२ पानांपैकी एक पान मी बराच वेळ समोर ठेवलं होतं. पुण्याच्या मार्केट यार्डातला हमाल, पाठीवर पोतं. तुम्ही डोकं आधी काढलंय, चेहऱ्याची कड दोनदा गिरवलीय, मग मान, खांदे, मग पोतं, आणि पायांपर्यंत येईस्तोवर वेळ संपलाय. पाय म्हणजे दोन काड्या. माणूस सरळ उभा आहे आणि पोतं त्याच्या पाठीला चिकटवल्यासारखं दिसतंय. पाठीवर पोतं घेतलेला माणूस असा सरळ उभा राहूच शकत नाही, राहिला तर मागे कोसळेल. त्याचं आणि पोत्याचं मिळून जे वजन होतं ते पावलांच्या वर आणण्यासाठी तो कमरेतून पुढे झुकतो. मान पुढे काढतो, गुडघे थोडे दुमडलेले ठेवतो, पावलं आखूड टाकतो, आणि पाऊल टेकताना अख्खा तळवा जमिनीवर येतो. या पोझमध्ये जे काही घडतंय ते कंबर, गुडघे आणि पावलांत घडतंय, आणि तुमचे ३० सेकंद तिथे पोचण्याआधीच संपले.

ही सवय कुठून येते ते मला ठाऊक आहे, कारण माझ्याही हातात ती होती. आपल्यापैकी बहुतेकांचं माणूस काढणं एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांच्या स्मरणचित्रापासून सुरू होतं. बस थांबा, जत्रा, भाजीबाजार. त्यासाठी क्लासमध्ये ठरावीक माणसं पाठ करून घेतली जातात: पिशवी धरलेली बाई, छत्रीवाला माणूस, पाठमोरा मुलगा. डोक्याचा अंडाकार, त्याखाली धड, मग हातपाय. परीक्षेपुरतं ते ठीक असतं. पण पुढे खरा माणूस समोर आला तरी हात तीच पाठ केलेली आकृती वरून खाली भरत जातो. घड्याळ लावलं की ती आकृती आणखी लवकर भरली जाते, एवढंच.

माझ्या बाबतीत हे फार उशिरा कळलं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी मी रोज संध्याकाळी स्टेशनवर जाऊन शंभर फिगर काढायच्याच असा पण केला होता. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयापासून व्ही. टी. (आताचं सीएसएमटी) चालत पाच मिनिटांवर, आणि स्टेशनवर स्केचबुक घेऊन बसणं ही तिथल्या पोरांची जुनीच रीत. तीन-चार महिने मी नेमाने शंभर काढल्या. एका सीनियरने एकदा माझी तीन वेगवेगळ्या दिवसांची पानं शेजारी-शेजारी ठेवली, तारखांवर हात ठेवला आणि विचारलं, "यातलं पहिलं पान कुठलं नि शेवटचं कुठलं, सांग." मला सांगता येईना. तीनशे माणसं, आणि सगळी एकाच अंगाची. हमालही तसाच उभा, कॉलेजची मुलगीही तशीच उभी, दमून भिंतीला टेकलेला म्हाताराही तसाच. वेग आला होता. बघणं वाढलं नव्हतं.

त्या दिवसापासून घड्याळाकडे बघण्याची माझी रीत बदलली. वेळ कमी करायचा तो काहीतरी सोडून द्यावं लागावं म्हणून. पाच मिनिटांत तुम्ही दहा गोष्टी सांगू शकता. एका मिनिटात चार. ३० सेकंदांत दोन, फार तर तीन. कुठल्या दोन, हे ठरवणं हाच सगळा सराव आहे. तुम्ही ३० सेकंदांत दहाच्या दहा गोष्टी कोंबायला बघता, म्हणून पहिल्या चार येतात आणि नेमक्या त्या बिनमहत्त्वाच्या असतात.

यासाठी मी उलटी शिडी करायला सांगतो. बहुतेक जण छोट्या वेळेपासून मोठ्याकडे जातात: ३० सेकंद, एक मिनिट, दोन, पाच. हात मोकळा करायला ते बरं आहे. पण आठवड्यातून दोन दिवस तरी एकच पोझ घ्या आणि वरून खाली उतरा. आधी पाच मिनिटं. मग तीच पोझ दोन मिनिटांत, नव्या कागदावर. मग एका मिनिटात, मग ३० सेकंदांत, मग १५ सेकंदांत. शेवटी फोटो किंवा मॉडेल बाजूला करून आठवणीतून एकदा. पाच मिनिटांच्या चित्रात तुम्हाला पोझ कळते. दोन मिनिटांत तुम्ही चेहरा सोडता. एका मिनिटात बोटं आणि कपडे सोडता. ३० सेकंदांवर आलात की पाठीचा एक बाक, ओटीपोटाचा कल आणि वजनाचा पाय एवढंच उरतं. १५ सेकंदांत कधीकधी फक्त दोन रेषा उरतात आणि त्या दोन रेषांत हमाल दिसतो. सगळी मिळून साधारण दहा मिनिटांची ही शिडी आहे. अर्ध्या तासात तीन पोझ होतात. रोज ४०-५० पोझ संपवणाऱ्याला तीनच पोझ म्हणजे काहीच केलं नाही असं वाटतं, पण महिनाभर करून बघा.

आता बघायचं काय, त्याबद्दल. पेन्सिल टेकवण्याआधी तीन-चार सेकंद नुसतं बघा. ३० सेकंदांतले तीन सेकंद म्हणजे उधळपट्टी वाटते, ती करा. पहिला प्रश्न: वजन कुठे आहे? उभ्या माणसाच्या गळ्याची खळगी, म्हणजे दोन हसळ्यांच्या मधला खोलगट भाग, तिथून मनातल्या मनात ओळंबा, म्हणजे सरळ खाली जाणारी दोरी, सोडा. वजन एका पायावर असेल तर तो ओळंबा साधारण त्या पावलावर येतो. दोन्ही पायांवर सारखं असेल तर दोन पावलांच्या मधे. कशाला टेकला असेल किंवा काही ओढत-ढकलत असेल तर ओळंबा पावलांच्या बाहेर जातो, आणि मग तो ज्याला टेकलाय ती भिंत किंवा ज्याला ढकलतोय ती हातगाडी चित्रात यायलाच हवी, नाहीतर फिगर पडते.

दुसरा प्रश्न: खांद्यांची रेष आणि कमरेची रेष कुठे कललीय? ज्या पायावर वजन, त्या बाजूचा खुबा वर जातो, दुसऱ्या बाजूचा खाली येतो. तोल सांभाळायला खांदे बहुतेक वेळा उलट्या बाजूला कलतात, म्हणजे वजनाच्या पायाकडच्या अंगाला बरगड्या आणि खुबा जवळ येतात, कातडी दुमडते, आणि दुसरं अंग ताणलं जातं. आपल्या शिल्पकारांना हे शेकडो वर्षांपूर्वी नीट माहीत होतं आणि त्याला नावंही होती. पंढरपूरचा विठोबा दोन्ही पावलांवर सारखं वजन देऊन, कटेवर हात ठेवून उभा आहे, तो समभंग. बासरी वाजवणारा कृष्ण किंवा अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातलं पद्मपाणी बोधिसत्त्वाचं चित्र बघा, मान एकीकडे, धड दुसरीकडे, कंबर पुन्हा उलटीकडे, हा त्रिभंग. मी नव्या मुलांना पहिल्या दिवशी एक विठोबा आणि एक बासरीवाला कृष्ण काढायला लावतो. फक्त तीन रेषांत: खांदे, कंबर, कणा. बस थांब्यावर उभी असलेली माणसं बहुतेक आभंगात (अंगाला हलका बाक) किंवा त्रिभंगात असतात, पण आपल्या वहीत ती सगळी विठोबासारखी उतरतात. फिगर ताठ होण्याचं सगळ्यात मोठं कारण एवढंच आहे. तुमच्या १२ पानांत मी मोजलं: एखाद-दुसरी सोडली तर सगळ्या फिगरचे खांदे आणि कंबर एकमेकांना समांतर आणि आडवे आहेत.

हातापायांबद्दल एक गोष्ट. तुमचे हात पडवळासारखे येतात: दोन्ही कडांना सारखाच बाक. शरीरात असं जवळपास कुठेच नसतं. एका बाजूला स्नायू फुगतो तेव्हा समोरची बाजू तुलनेने सरळ किंवा ताणलेली असते, आणि दोन्ही बाजूंचे फुगवटे एका पातळीवर येत नाहीत. समोरून पोटरी बघा. बाहेरच्या बाजूचा फुगवटा वर, आतल्या बाजूचा खाली. घोट्यावर उलट: आतला घोटा वर, बाहेरचा खाली. या दोन गोष्टी आरशात आपल्याच पायावर बघून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. एका कडेला सरळ रेष, दुसऱ्या कडेला बाक, हे हाताला लागलं की पाय जमिनीवर रेटा देतोय असं दिसायला लागतं. तोच दोन्हीकडे बाक असेल तर पाय हवा भरलेला वाटतो.

कपड्यांची अडचण आपल्याकडे फार मोठी आहे आणि त्यावर फारसं कुणी बोलत नाही. परदेशी सरावचित्रांत मॉडेल विवस्त्र किंवा अंगाला चिकटलेल्या कपड्यांत असतात. तुम्ही प्रत्यक्ष काढता ती माणसं साडीत, धोतरात, ढगळ सलवारीत. पाचवारी साडीत कमरेपासून खाली एक नळकांडं दिसतं आणि आत पाय कुठे आहेत कळत नाही. अशा वेळी सगळ्या चुण्या काढत बसू नका, चुण्या कुठून सुटल्या आहेत ते शोधा. कापड जिथे अडकलेलं किंवा ताणलेलं असतं तिथून चुण्या पसरतात: पदर ज्या खांद्यावर टाकलाय तो खांदा, निऱ्या खोचल्या आहेत ती जागा, पुढे आलेला गुडघा, मागे सरलेला नितंब. गुडघ्यावरून टाचेकडे उतरणारी एकच ताणरेष काढली तरी पाय सापडतो. नऊवारीत तर सोपं आहे, काष्ट्यामुळे दोन्ही पाय वेगळे होतात आणि पोटऱ्या उघड्या असतात. म्हणून कोळणी, शेतात लावणी करणाऱ्या बाया हा सरावासाठी उत्तम विषय. चित्रकार म. वि. धुरंधरांनी काढलेल्या मुंबईच्या बायका कधी निवांत बघा. शंभर वर्षांपूर्वीची चित्रं आहेत, पण साडीच्या आत बाई कुठल्या पायावर उभी आहे हे प्रत्येकीत कळतं.

फोटोवरून सराव करावा का, असंही तुम्ही ओघात विचारलंय. करावा, पण आठवड्याचे सातही दिवस नको. फोटोत वजन दिसत नाही, त्याचा अंदाज करावा लागतो. जवळून मोबाइलवर काढलेल्या फोटोत पुढचा हात उगाच मोठा आणि मागचा पाय लहान होतो आणि तेच तुमच्या प्रमाणात शिरतं. खऱ्या माणसाकडे बघताना पावलाची बोटं जमीन कशी धरतात, थकला की वजन या पायावरून त्या पायावर कसं जातं, ते दिसतं. फ्रेंच शिल्पकार रोदँच्या स्टुडिओत मॉडेल नुसते फिरत असायचे, आणि तो कागदाकडे न बघता त्यांच्याकडे बघत रेषा ओढायचा. आपल्याकडे मॉडेलचे पैसे प्रत्येकाला परवडत नाहीत. पण रस्त्यावर एकच काम पुन्हा पुन्हा करणारी माणसं ढिगाने आहेत. इस्त्रीवाला, उसाच्या चरकावरचा माणूस, पोळ्या लाटणारी बाई, वडे तळणारा. पोझ सुटली तर घाबरू नका, दहा सेकंदांत तीच परत येते. एका पानावर त्याच्या तीन-चार अवस्था एकदम सुरू करा: इस्त्री पुढे ढकलताना, मागे ओढताना, कपडा उलटताना. जी अवस्था समोर येईल तिच्यात भर घाला. मुंबईत असाल तर शिवाजी पार्कवर मल्लखांबाचा सराव चालतो तेव्हा जाऊन बसा. मुलं खांबावर एखादी पकड दोन-चार सेकंद धरतात आणि सोडतात. त्या वेळात काढून होत नाही, बघून घ्यायचं आणि मान खाली घालून आठवणीतून काढायचं. जे नीट बघितलं तेच कागदावर येतं, बाकीचं येत नाही, त्यामुळे आपण काय बघत नाही तेही लगेच कळतं.

आता ग्रुपबद्दल.

माझ्याकडे रविवारी सकाळी सहा-सात जण जमतात. त्यात बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत, आणि आर्किटेक्चरला असलेली एक मुलगी. दोनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. काकांनी विहिरीतून पाणी शेंदणाऱ्या बाईची एक मिनिटाची फिगर काढली होती. रेषा छान होत्या, ठाम होत्या, सगळ्यांनी माना डोलावल्या. मुलगी गप्प होती. मी तिला बोलायला लावलं तेव्हा जरा अडखळत म्हणाली, "काका, ही बाई विहिरीत पडेल." काकांना पटेना. म्हणाले, "अगं, वाकलीय ती, दोर ओढतेय." मी म्हटलं, "काका, तुम्ही काढलीय अगदी तशी पोझ घ्या. मॉडेलने घेतली होती तशी नको, कागदावर आहे तशी." ते उठले, कागद समोर धरला, पाय तसेच जवळजवळ ठेवले, गुडघे तसेच ताठ, कमरेतून तसेच वाकले, दोन्ही हात पुढे. पुढच्या क्षणाला त्यांनी खुर्चीची पाठ पकडली. मग आपणहून एक पाय पुढे टाकला, मागचा गुडघा दुमडला, बूड मागे नेलं, आणि म्हणाले, "अस्सं पाहिजे होतं." खाली बसून त्यांनी २० सेकंदांत तीच फिगर पुन्हा काढली. बूड मागे, पाय फाकलेले, दोराचा ताण खांद्यापासून मागच्या टाचेपर्यंत एका तिरक्या रेषेत. कुणालाही काही सांगावं लागलं नाही.

तेव्हापासून आमच्याकडे हा नियमच आहे: बोलण्याआधी चित्रातली पोझ अंगावर घ्यायची. "प्रमाण चुकलंय", "ग्रेस नाही", "रेषेत जीव नाही" ही वाक्यं ऐकणाऱ्याच्या काही कामाची नसतात. पण पोझ घेताना ज्याचा तोल जातो त्याला चूक कुठे आहे ते त्याच्या गुडघ्यात आणि कमरेत कळतं. जे. जे.त शिकलेले आणि तिथे शिकवलेले के. के. हेब्बर नर्तकांच्या रेखाटनांसाठी ओळखले जातात. लय अंगात यावी म्हणून त्यांनी कथकचे धडे घेतले होते. इतक्या मोठ्या चित्रकाराला ते करावंसं वाटलं, हे मी नव्या मुलांना मुद्दाम सांगतो.

पोझ घेण्याच्याही आधी एक पायरी आहे. चित्र भिंतीला लावा किंवा जमिनीवर ठेवा, सगळे सहा-सात फूट लांब उभे राहा, आणि ज्याचं चित्र आहे त्याने तोंड उघडायचं नाही. दहा सेकंद बघून प्रत्येकाने एकच वाक्य सांगायचं: हा माणूस काय करतोय? क्रियापद पाहिजे. "उचलतोय", "ढकलतोय", "टेकलाय", "वाट बघतोय". चांगलं-वाईट काही नाही. तुमचा हमाल मी घरात दोघांना दाखवला, काहीही न सांगता. एकाने सांगितलं, "शाळेत चाललाय, दप्तर घेऊन." एवढ्या एका वाक्यात तुम्हाला सगळं कळायला हवं. चारातल्या तिघांनी एकच क्रियापद सांगितलं आणि ते तुमच्या मनातलंच होतं, तर फिगर जमली, मग हात लांब असला तरी चालेल. चौघांनी चार सांगितली, तर पोझच सापडलेली नाही, आणि अशा वेळी बोटांबद्दल, चेहऱ्याबद्दल बोलण्यात सगळ्यांचा वेळ जातो.

तिसरी पायरी ट्रेसिंग पेपरची. ज्याला चूक दिसलीय त्याने चित्रावर ट्रेसिंग ठेवून फक्त तीन रेषा ओढायच्या, खांदे, कंबर, कणा, आणि हवं तर वजनाच्या पायाचा ओळंबा. मूळ चित्रावर कुणीही पेन्सिल लावायची नाही, अगदी शिकवणाऱ्यानेही. दुसऱ्याच्या रेषेवर आपली रेष ओढली की पोरांचा हात आखडतो, हे मी माझ्या शिक्षणात पुरेसं भोगलंय. एका शिक्षकांनी माझ्या पहिल्या लाइफ ड्रॉइंगवर जाड कोळशाने दुरुस्ती केली होती. दुरुस्ती बरोबर होती, पण पुढे कित्येक आठवडे मी ते बघतील या भीतीनेच काढत होतो. ट्रेसिंग उचलता येतं, परत ठेवता येतं, आणि पटलं नाही तर बाजूलाही करता येतं.

बोलण्याचा क्रम ठरवून ठेवा. आपल्याकडे मोठ्याच्या पुढे लहान बोलत नाही, आणि "सर" एकदा बोलले की बाकीचे त्याचीच री ओढतात. म्हणून सगळ्यात नवख्याने आधी बोलायचं, सगळ्यात जुन्याने शेवटी. त्या मुलीला मी आधी बोलायला लावलं नसतं तर "छान रेषा" म्हणून आम्ही पुढच्या चित्राकडे गेलो असतो. आणि एका चित्राबद्दल प्रत्येकाने एकच मुद्दा मांडायचा. पाच जणांचे पाच मुद्दे ऐकून घेतल्यावर चित्रकाराने त्यातला एकच निवडायचा आणि तो त्याच पानाच्या कोपऱ्यात लिहायचा: "या आठवड्यात कंबरेचा कल." पुढच्या रविवारी फक्त तेवढंच तपासायचं. बाकी काही चुकलं असेल तर असू दे.

पानं आणताना निवडून आणू नका. हे फार महत्त्वाचं आहे. तुमचा ग्रुप आठवड्यातली सगळ्यात बरी दोन पानं आणतो असं तुम्ही लिहिलंय. त्या दोन पानांवर "मस्त" हेच उत्तर येणार. कुठल्याही एका दिवसाची, समजा बुधवारची, सगळी पानं आणा, जशी निघाली तशी, क्रमाने, प्रत्येकावर तारीख आणि सेकंद लिहून. एका चित्रात न दिसणारी खोड वीस चित्रांत लगेच दिसते. तुमचे आडवे खांदे मला एका पानावरून कळले नसते. ज्याला रविवारी येता येत नाही त्याने अशीच क्रमवार पानं दिवसाच्या उजेडात वरून फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकावीत, बाकीच्यांनी लेखी उत्तराऐवजी पोझ घेऊन स्वतःचा फोटो पाठवावा. आमच्यातल्या एका मुलाने नाशिकहून वर्षभर असंच केलं.

साहित्याबद्दल फार लिहीत नाही. पाठकोरे कागद चालतात, ए-३ असतील तर उत्तम, कारण लहान कागदावर मनगट हलतं आणि मोठ्यावर खांदा. बोर्ड तिरका ठेवा, शक्यतो उभ्याने काढा. कोळसा किंवा ६बी पेन्सिल, पेन्सिल लिहिण्यासारखी न धरता तळव्याखाली आडवी. खोडरबर दुसऱ्या खोलीत. रस्त्यावर छोटी वही आणि बॉलपेन. ब्रश पेन घ्यावं का, तर सहा महिने थांबा. ब्रश पेनच्या जाड-बारीक रेषेने ताठ फिगरसुद्धा लयदार दिसते, आणि आत्ता तुम्हाला तो ताठपणा दिसत राहायला हवाय.

आठवडा साधारण असा लावा. दोन दिवस उलटी शिडी. दोन दिवस रस्त्यावर, काम करणारी माणसं. एक दिवस फोटोवरून साध्या ३० सेकंद आणि एका मिनिटाच्या पोझ, पण प्रत्येकीत वजनाच्या पायापासून सुरुवात करायची, डोकं सगळ्यात शेवटी. एक दिवस घड्याळ बंद. त्या दिवशी ३० सेकंदांची आवडती फिगर घ्या आणि तीवर अर्धा तास काम करा, हात, पाय, कपडे, छाया, सगळं, पण ती पहिली पाठीची रेष मरता कामा नये. हे सगळ्यात अवघड आहे. बहुतेकांची फिगर पहिल्या मिनिटात जिवंत असते आणि विसाव्या मिनिटाला पुतळा होते. एखाद्या आठवड्यात ओटीपोट किंवा खांद्याची रचनाच कळत नाहीये असं वाटलं, तर घड्याळाचा सराव सरळ थांबवा आणि तो आठवडा हाडांच्या अभ्यासाला द्या. माहीत नसलेली गोष्ट कितीही वेळा झपाट्याने काढली तरी ती माहीत होत नाही.

या रविवारी ग्रुपमध्ये तोच हमाल घेऊन जा. घरातली गव्हाची १० किलोची पिशवी न्या आणि प्रत्येकाने आळीपाळीने ती पाठीवर घेऊन उभं राहायचं, बाकीच्यांनी पाच मिनिटांपासून १५ सेकंदांपर्यंतची शिडी करायची. पाच मिनिटांच्या पोझला दोनदा पिशवी खाली ठेवावी लागेल, ठेवा. पाय आधी काढा. संपल्यावर जुनं पान आणि नवीन १५ सेकंदांचं पान शेजारी लावा, आणि ग्रुपच्या बाहेरच्या कुणालातरी, घरात चहा देणाऱ्यालासुद्धा चालेल, विचारा: हा माणूस काय करतोय? उत्तर काय आलं ते मला नक्की कळवा, दोन्ही पानांच्या फोटोसकट.